घाटकोपरच्या खड्ड्यातले नऊ कण

शाळेची मुलं आमची प्रयोगशाळा बघायला आली की मी प्रत्येकाच्या तळहातावर खसखशीचा एकेक दाणा ठेवतो. जोरात श्वास सोडायचा नाही, हसायचं नाही, नाहीतर दाणा उडतो. मग सांगतो, याच्या दहाव्या हिश्श्याएवढा कण मनात आणा. त्या कणाच्या पोटात एक घड्याळ आहे आणि ते सहा कोटी वर्षांहून जास्त काळ चालू आहे.  एखादी मुलगी हळूच दाणा कानाशी नेते. बाकीची तिला हसतात, पण मी हसत नाही. छत्तीस वर्षांपूर्वी कामाला लागलो, तेव्हा सगळे जेवायला गेल्यावर मीही तेच केलं होतं.

माझं नाव गुणाजी. राहायला मुलुंडला, काम अंधेरीच्या एका संस्थेत. दगड फोडायला म्हणून लागलो आणि दगडातले कण निवडण्यात आयुष्य गेलं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख उत्तराताई मला सोडत नाहीत. त्या म्हणतात, यंत्रं विकत मिळतात, काका, तुमचा हात मिळत नाही. आता सांगणार आहे ती गोष्ट या हाताचीच आहे.

घाटकोपरला एक जुनी चाळ पाडून तिथं टॉवर उभा राहणार होता. पायासाठी तीन मजले खोल खड्डा खणला होता. आमचा संशोधक विद्यार्थी मुकुल समोरच्याच इमारतीत राहतो. एका सकाळी दात घासताना त्याला खिडकीतून दिसलं की खड्ड्याच्या भिंतीत काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये हातभर जाडीचा हिरवट पट्टा आहे. त्यानं ब्रश तोंडात तसाच ठेवून उत्तराताईंना फोन लावला. तो पट्टा म्हणजे ज्वालामुखीची राख होती. एका उद्रेकात हवेत उडाली, खाली बसली आणि नंतर तिच्यावरून तापलेला लाव्हारस वाहून गेला. रविवारी काम बंद होतं. साइटवरच्या इंजिनिअरनं डोक्यावर हेल्मेट चढवून आम्हाला खाली सोडलं आणि आम्ही चार गोणी भरून राख आणली. मंगळवारी तिथं काँक्रीट पडलं. आता त्यावर चाळीस मजले आहेत. तो पट्टा पुन्हा कुणाला दिसायचा नाही.

म्हणजे त्या चार गोणी, तेवढंच.

राखेचं वय कळलं तर तिच्या खालचा दगड तिच्या आधीचा आणि वरचा नंतरचा, हे नक्की होतं. आपण ज्या जमिनीवर राहतो ती कधी आणि किती थांबत थांबत घडली, हे कळायला असा पट्टा फार उपयोगी. नुसता अंदाज नको होता. या भागातल्या दगडांच्या वयांत दहा-वीस लाख वर्षांचा गोंधळ असतो आणि उत्तराताईंना तो मिटवायचा होता.

मी राख कुटली, चाळली, पसरट भांड्यात पाणी घेऊन फिरवली. हलकं ते वाहून जातं, जड ते तळाशी राहतं. आमच्या गावच्या आवाठात, म्हणजे वाडीत, बायका सुपात तांदूळ पाखडतात तीच युक्ती, फक्त पाण्यातली. मग लोहचुंबक लावून लोखंडाचा अंश काढला आणि उरलेली चिमूटभर वाळू सूक्ष्मदर्शकाखाली घेऊन बसलो. रोज सकाळी तीन तास. त्याहून जास्त बसलो तर डोळे खोटं दाखवायला लागतात. पावणेतीन महिन्यांत चार गोणींतून झिरकॉन नावाच्या खनिजाचे एकोणतीस कण मिळाले. प्रत्येकाचं चित्र मी वहीत काढलं. कुणाला टोक होतं, कुणाच्या अंगात भेग, कुणाच्या पोटात काळा ठिपका. मुकुल त्या वहीला माझं शाळेचं हजेरीपुस्तक म्हणायचा.

घड्याळ कसं चालतं ते मुलांना सांगतो तसंच सांगतो. झिरकॉनचा कण जन्मतो तेव्हा युरेनियमला घरात घेतो आणि शिशाला दाराबाहेरच ठेवतो. मग दार बंद. आतलं युरेनियम ठरलेल्या चालीनं थोडं थोडं शिसं होत जातं. ती चाल उन्हानं, पावसानं, भूकंपानं बदलत नाही. म्हणून आत जे शिसं सापडेल ते त्या घरातच जन्मलेलं. आत युरेनियम किती उरलं आणि शिसं किती झालं हे मोजलं की वय निघतं. इतकं सोपं आहे, आणि इतकं अवघड. कारण कणाला भेग असली की शिसं गळून जातं आणि दगड आहे त्याहून तरुण दिसतो. बाहेरचं शिसं चिकटलं तर सगळा हिशेब गढूळ होतो. बाहेरचं शिसं यंत्राला ओळखू येतं, कारण त्यात युरेनियमपासून कधीच न होणारा एक प्रकार असतो. पण ते जास्त असलं की वजा करताना नेमकेपणा हातातून जातो.

जुन्या पद्धतीनं आम्ही वीस कण मोजले. वीस कणांनी वीस वयं सांगितली, पाच कोटी नव्वद लाखांपासून सहा कोटी वीस लाखांपर्यंत. एकाच उद्रेकातली भावंडं, आणि वयात तीस लाखांचा फरक. मुकुल म्हणाला, ही तर आमच्या आजीच्या बहिणींसारखी झाली. उत्तराताई हसल्या नाहीत. उरलेल्या नऊ कणांची डबी त्यांनी कपाटात ठेवली आणि नव्या पद्धतीची तयारी सुरू केली. नवं यंत्र आणि धूळ न शिरणारी बंद खोली उभी व्हायला तीन वर्षं गेली, तोवर घाटकोपरचा टॉवरही उभा राहिला.

ती पद्धत ऐकली तेव्हा मला पटेना. कण अडीच दिवस नऊशे अंशांवर तापवायचा. मग तीव्र आम्लात बारा तास ठेवायचा. जो भाग दुखावलेला आहे, भेगाळलेला आहे, ज्यातून शिसं गळतं, तो आम्लात विरघळून जातो. जो धड आहे तो उरतो. उरलेल्या गाभ्याचंच वय मोजायचं. ज्यासाठी मी डोळे झिजवले त्याचा निम्मा भाग मुद्दाम फेकून द्यायचा. मी तसं बोललोही. उत्तराताई म्हणाल्या, "काका, जखम झालेला माणूस नीट साक्ष देऊ शकत नाही. धड असेल त्यालाच विचारायचं."

नऊ कण भट्टीत तापून निघाले ते नवरात्रात. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी नेहमीसारखा माझा चिमटा घरी नेला.

हा चिमटा माझा स्वतःचा, पोलादी, टोकं मीच घासून केसासारखी केलेली. बाकीचे कण उचलायला प्लास्टिकची नळी वापरतात, पण झिरकॉनचा कण तिला चिकटून बसतो, उडी मारतो. माझ्या चिमट्यातून आजवर एकही सुटलेला नाही. आमच्या घरी खंडेनवमीला हत्याराची पूजा चुकत नाही. वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. गिरणीच्या आवारात मारुती होता आणि नवमीला सगळे साचेवाले त्याच्या अंगचा शेंदूर आपापल्या धोट्याला, म्हणजे मागावर धागा इकडून तिकडे नेणाऱ्या लाकडाला, लावायचे. गिरणी गेली, मारुतीही गेला, पण वडिलांचा धोटा आमच्या देवघरात आहे. सुगंधा, माझी बायको, दरवर्षी तेलात शेंदूर कालवते. मी एक बोट धोट्याला लावतो आणि एक चिमट्याला. वडिलांचं काम आणि माझं काम एकाच पाटावर बघितलं की मला बरं वाटतं. चिमटा मग मी स्वच्छ पुसतो, साबणानं धुतो आणि कामावर नेतो.

दसऱ्यानंतर त्याच चिमट्यानं मी नऊ कण नऊ कुप्यांत ठेवले. दहावी कुपी रिकामी. उत्तराताईंचा नियम असा की आधी रिकामी कुपी सगळ्या कामातून न्यायची. तिलाही कणासारखंच वागवायचं, तिच्यातही चिमटा बुडवायचा, आम्ल घालायचं, शेवटी यंत्रात मोजायची. तिच्यात काही सापडलं तर ते आपणच आणलेलं. एका ग्रॅमचे लाख कोटी भाग केले, तर त्यातला एखादा भाग शिसं चालतं. दसऱ्याआधी तेवढंच येत होतं. आता पन्नास आले.

पुन्हा रिकामी कुपी केली, पुन्हा पन्नास. तिसऱ्यांदा साठ. ते सगळं बाहेरचं शिसं होतं.

मग तीन आठवडे शोध चालला. आम्ल बदललं, पाणी बदललं, हवेच्या चाळण्या बदलल्या. फरशी इतकी पुसली की त्यात तोंड दिसावं. संशय फिरून फिरून मुकुलवर यायचा, कारण आम्ल घालण्याचं काम त्याचं. तो मोटरसायकलवरून येतो, रस्त्याची धूळ आणतो, हातमोजे नीट बदलत नाही, असं एकेक निघायला लागलं. शेवटी एका सकाळी उत्तराताईंनी त्याला सांगितलं की आता थोडे दिवस तू आत येऊ नकोस. तो बाहेर माझ्या टेबलाशी येऊन बसला. चार गोणी खांद्यावरून त्यानंच वर आणल्या होत्या. "काका, वाट लागली ना त्या कणांची? माझ्या हातानंच लागली," एवढंच म्हणाला आणि वही उलटत बसला. मी त्याची समजूत घातली. बाहेरची धूळ कुठूनही येते म्हणालो. शिसं कशाकशात असतं ते त्यानं बोटांवर मोजत सांगितलं. बॅटरी, जुने रंग, सोल्डरची तार, पूर्वीचं पेट्रोल. मी ऐकत होतो. माझ्या काहीच लक्षात आलं नाही.

शनिवारी घरी नात जान्हवी माझ्याजवळ बसून चित्र काढत होती. तिला लाल खडू सापडेना. ती देवघरापाशी गेली आणि पाटावर बोट घासून आली. बोट केशरी झालं होतं. तिनं ते कागदावर टेकवलं आणि सूर्य काढला. मी उठून पाट बघितला. धोट्याशेजारी, जिथं नवमीला चिमटा ठेवला होता, तिथं दोन बारीक रेघा उमटल्या होत्या. चिमट्याच्या दोन पायांच्या. महिना होऊन गेला होता, रोज पुसला जाणारा पाट, तरी रेघा होत्या. तेलातला शेंदूर लाकडात मुरला होता, आणि मुकुलच्या यादीतले जुने रंग मला आठवले.

मी सुगंधाला विचारलं, शेंदरात काय असतं गं?

"शेंदरात शेंदूर आसता," ती म्हणाली. "आणि काय आसतला?"

रविवार मला जड गेला. नाही सांगितलं तर कुणाला कळणार नव्हतं. चिमटा उकळत्या आम्लात धुतला असता, तर पुढची कुपी आपोआप स्वच्छ निघाली असती आणि सगळे म्हणाले असते, गेली एकदाची धूळ. पण ते नऊ कण मीच त्या चिमट्यानं धरले होते. त्यांच्या अंगाला काय लागलंय हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. आणि ते तसेच मोजले गेले असते, तर सहा कोटी वर्षं कुणालाही न फसलेली घड्याळं माझ्यामुळे कायमची खोटी ठरली असती. तो पट्टा काँक्रीटखाली गेलेला. दुसरी साक्ष नव्हती. शिवाय मुकुल बाहेर बसलेला होता.

सोमवारी चहाच्या वेळी मी उत्तराताईंना विचारलं, "शेंदरात शिसं असतं का हो, ताई?"

त्यांनी कप खाली ठेवला. त्यावरूनच मला उत्तर कळलं. "शेंदूर म्हणजे शिसंच, काका. हवेत भाजलेलं शिसं," त्या सावकाश म्हणाल्या. "का विचारताय?"

मी सगळं सांगितलं. धोटा, मारुती, पाट, रेघा. मुकुल दारात उभा राहून ऐकत होता. चिमटा मोठ्या भिंगाखाली धरला, तेव्हा दोन पाय जिथं जोडलेत त्या सांध्यात केशरी रंगाची एक रेघ होती, माझ्या डोळ्यांना कधी न दिसलेली. चिमटा दाबला की सांधा उघडायचा आणि तेल थेंबाच्याही लाखाव्या हिश्श्यानं टोकाकडे उतरायचं.

मला वाटलं होतं, त्या रागावतील. त्यांनी पुन्हा भिंगाला डोळा लावला. मग म्हणाल्या, "म्हणजे छत्तीस वर्षं दर दसऱ्यानंतर आपल्या आकड्यांत थोडा थोडा शेंदूर होता. आपलं मोजणंच इतकं भरड होतं की तो दिसला नाही."

मी हात जोडले. त्यांनी ते खाली केले. तुम्ही सांगितलंत म्हणून एक गोष्ट कळली, त्या म्हणाल्या. घाण नक्की कुठली आणि नक्की कुठे आहे. ती कणांच्या आत नाही, अंगावर आहे. अंगावरचं उतरवता येतं. बारा तासांऐवजी दोनदा बारा तास आम्ल द्यायचं. पण मग धड भागही विरघळायला लागणार आणि लहान कण पुरते नाहीसे होणार. नऊतले किती उरतील, कुणी सांगू शकत नव्हतं.

मुकुल म्हणाला, काकांना विचारा, त्यांच्याकडे हजेरीपुस्तक आहे.

मी वही उघडली. प्रत्येक कणाची भेग, जाडी, काळा ठिपका बघून मी सांगितलं की सहा उरतील. चार नंबरचा तर नक्की. तो माझा लाडका होता, पाण्याच्या थेंबासारखा स्वच्छ, दोन्ही टोकं रेखीव. सात नंबरचा जाणार, त्याचा कोपरा माझ्याकडूनच कुटताना उडाला होता. मुकुलनं पाच म्हणून वडापावाची पैज लावली. उत्तराताईंनी त्याला आत यायला सांगितलं आणि आम्ल त्यालाच घालायला लावलं.

घरी सुगंधाला सांगितलं तेव्हा ती दुखावली. "देवाक बोल लावू नको," म्हणाली. मी म्हटलं, देवाला नाही गं, शेंदरालाही नाही. तो त्याच्या जागी बरोबर होता, मी त्याला भलत्या जागी नेला.  रात्रीच्या जेवणाला बसताना तिनं जान्हवीला साबण लावून बोटं धुवायला पाठवलं, आणि दुसऱ्या दिवशी देवघर पोरीच्या हाताला लागणार नाही इतकं वर गेलं.

दोन दिवसांनी कुप्या उघडल्या. नव्या चिमट्यानं, जो आता त्या खोलीतून कधीच बाहेर जात नाही. मी एकेक कुपी सूक्ष्मदर्शकाखाली घेतली. एक नंबर, रिकामी. दोन नंबर, रिकामी. तीनमध्ये एक छोटा गोलसर तुकडा होता. चार नंबरची कुपी मी तीनदा फिरवून बघितली. माझा थेंबासारखा कण त्यात नव्हता. बाहेरून जो इतका निर्मळ दिसत होता, तो आतून पुरता दुखावलेला होता आणि छत्तीस वर्षांच्या माझ्या डोळ्यांना ते कळलं नव्हतं. पाच आणि सहाही रिकाम्या. सातमध्ये तो कोपरा उडालेला कण होता, झिजलेला, खडबडीत, पण ठाम. आठ आणि नऊही होते. नऊतले चार उरले. पैज कुणीच जिंकलं नाही.

रिकामी कुपी आधी मोजली. एकाहून कमी. मग चारही कण पूर्ण विरघळवून एकामागोमाग यंत्रात गेले. एकेका कणाला यंत्रानं तीन-चार तास घेतले. पहिला आकडा पडद्यावर आला, सहा कोटी पंचवीस लाख. एका आकड्याला अर्थ नसतो. दुसरा आला, पहिल्याच्या शेजारी. तिसरा सात नंबरचा. तोही तिथंच येऊन बसला. चौथा येईपर्यंत दुपारचं ऊन टेबलावरून सरकून भिंतीवर गेलं होतं आणि मुकुल पडद्याला पाठ करून उभा होता. तो बघणारच नाही म्हणाला. चौथा आला. चार भावंडं, चारही जणांनी एकच वय सांगितलं. सहा कोटी पंचवीस लाख वर्षं, अधिक-उणे चाळीस हजार.

आधी तीस लाखांचा घोळ होता. आता चाळीस हजार. मी मनात ताळा केला. वर्षापूर्वी एखादी गोष्ट घडली आणि कुणी तिची वेळ सांगताना फक्त सहा तासांनी चुकला, तसं हे. माझं लग्न दुपारी लागलं की संध्याकाळी, हे मला आज सुगंधाला विचारावं लागतं. आणि इथं माणूस जन्मायच्या कितीतरी आधी एका डोंगरानं श्वास सोडला, ती वेळ आम्हाला एका झिजलेल्या तुकड्यानं सांगितली. तो तुकडा सांगून झाल्यावर उरलाही नाही. चारही कण मोजण्यातच संपले.  उत्तराताईंनी वही मागून घेतली आणि सात नंबरच्या चित्राखाली स्वतःच्या हातानं वय लिहिलं. मुकुलनं डोळ्यांवरून बाही फिरवली आणि चष्मा पुसल्यासारखं केलं. तो चष्मा लावत नाही.

जुना चिमटा मी घरी आणला. तो आता धोट्याशेजारी असतो, कायमचा. सुगंधानं त्याला शेंदूर लावला, भरपूर.

पुढच्या रविवारी जान्हवी आणि आमच्या इमारतीतली तिघं मुलं यांना घेऊन घाटकोपरला गेलो. टॉवरच्या समोरच्या फुटपाथवर उभे राहिलो. मुलं माना वर करून मजले मोजायला लागली. मी म्हटलं, वर नाही, खाली बघा. या फरशीखाली काँक्रीट, काँक्रीटशेजारी काळा दगड, आणि त्या दगडाच्या मधोमध हातभर जाडीची हिरवी राख. ती पडत होती तेव्हा हे ऊन काही दिवस इथं दिसलं नसेल. मी त्यांना आकडा सांगितला. जान्हवीनं तो पाटीवर लिहिल्यासारखा हवेत लिहिला, शून्यं मोजत.

गेटवरचा वॉचमन बराच वेळ आमच्याकडे बघत होता. शेवटी जवळ आला आणि काही हरवलंय का म्हणून विचारलं.

जान्हवी म्हणाली, "नाही. सापडलंय."

त्यानं फुटपाथकडे बघितलं. मग तोही आमच्यासोबत थोडा वेळ खाली बघत उभा राहिला.